दोष डायचा की पितळेचा?

ओहायोतलं शेजाऱ्याचं गॅरेज. काडतुसं पुन्हा भरायच्या प्रेसचा दांडा अर्ध्यावर अडतो. शेजारी जोर लावत नाही. दांडा सोडतो, काडतुसाची रिकामी पुंगळी हलकेच खाली घेतो आणि नखाने चाचपतो. पितळेवर उभा ओरखडा लागतो. नवखा लगेच म्हणेल, डाय गेली. हे निदान या गॅरेजमध्ये मी बऱ्याचदा ऐकलं आणि बहुतेक वेळा ते चुकलेलं पाहिलं.

अमेरिकेत स्वतःच्या नेमबाजीसाठी काडतुसं पुन्हा भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. (आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हाच आहे.) ९ एमएमचं काडतूस उडतं तेव्हा आतला दाब दर चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. पितळ फुगून चेंबरला चिकटतं, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरला की जरासं आकसतं. म्हणून तर पुंगळी बाहेर निघते. पण पहिल्या मापावर ती येत नाही. तिला आवळून मापात आणायचं काम सायझिंग डायचं.

हे पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. पुण्याच्या तांबट आळीत हातोडा ऐकत मोठं झालेल्याला त्याचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. धातू ठोकला की ताठर होतो, तापवला की मऊ पडतो. पुंगळी दर खेपेला फुगते आणि आवळली जाते. तिचं तोंड कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. पिस्तुलाच्या पुंगळ्या मात्र तापवून मऊ करायच्या नसतात. त्या इतक्या आखूड, की आच बुडापर्यंत पोचते, आणि बूड मऊ पडलं तर दाब पेलणार कोण?

पितळेत कोंडून राहिलेल्या ताणाची सगळ्यात गाजलेली गोष्ट आपल्या पावसाळ्यातली आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि पुढे न वापरताच चिरलेली निघत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना धातूत उरलेला ताण, असं हे त्रिकूट. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याचा उलगडा केला. आजही पुंगळ्या अमोनियावाल्या पॉलिशने घासू नयेत, ते याचमुळे.

ओरखड्याकडे परत येतो. पूर्वी पोलादी डायमध्ये घालण्याआधी एकेका पुंगळीला वंगण लावावं लागे आणि मग ते पुसावंही लागे. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी डायमध्ये टंगस्टन कार्बाइडची कडी आली आणि तो व्याप संपला. आपले टर्नर ज्याला विडिया म्हणतात तेच हे कार्बाइड. क्रुप कंपनीने १९२६ साली याच नावाने ते बाजारात आणलं. त्यावर ओरखडा उठणं फार अवघड. म्हणून रेघ दिसली की आधी डाय खोलून पुसावी. कडीला चिकटलेला पितळेचा कण किंवा रेंजवरच्या वाळूचा खडा, बहुतेकदा एवढंच निघतं. पण कार्बाइड ठिसूळही तितकंच. दांडा खाली आणताना पुंगळीचं बूड धरणारा शेलहोल्डर कडीवर आपटला तर तिला तडा जातो, म्हणून दोघांत कागदाएवढी फट ठेवायची.

दांडा जड जाण्याचं एक कारण मला फार उशिरा कळलं: अती स्वच्छता. स्टीलच्या बारीक पिना घालून पाण्यात घोळलेल्या पुंगळ्या आरशासारख्या लखलखतात, पण काजळीचा जो पातळ थर वंगणाचं काम करत होता तोही निघून जातो. अशा वेळी कार्बाइड असलं तरी थोडं वंगण लावावं.

९ एमएमची खोड वेगळी. ही पुंगळी निमुळती असते: बुडाशी सुमारे ९.९३ मिलिमीटर, तोंडाशी ९.६५. कडी अरुंद आणि सरळ असेल तर ती सगळ्या अंगाला जवळपास एकाच मापात आवळते. मग गोळी बसल्यावर तिच्याखाली कंबर दिसते. पाहणारा दचकतो, पण एवढ्याने काडतूस बाद होत नाही.

उलट, बुडाजवळचं पोट डोळ्यांना दिसत नाही आणि तेच खरी अडचण करतं. काही पिस्तुलांत चेंबरचा खालचा भाग पुंगळीला पुरता आधार देत नाही. तिथे पितळ फुगतं. कडीच्या तोंडाला असलेली गोलाई आणि शेलहोल्डरची जाडी यांमुळे डाय नेमकी तिथवर पोचत नाही. शेजारी उतरवलेल्या नळीत काडतूस सोडून पाहतो. ते आपल्या वजनाने टपकन बसलं पाहिजे आणि आपल्या वजनानेच परत निघालं पाहिजे.

जळकी टोपी (प्रायमर) ढकलून काढणारी डायमधली पिन मोडली, तर पुंगळीत डोकवावं. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीला मधोमध एकच भोक असतं, बर्डनच्या पुंगळीला बाजूंना दोन. बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, तरी अमेरिकेत चालते ती बॉक्सरची. बर्डनची एखादी चुकून मिसळली की पिन भोकाऐवजी भरीव पितळेवर आदळते.

आवळणं कमी पडलं, तर त्यातला धोका सगळ्यांत मोठा. पुंगळी गोळीला घट्ट धरत नाही, काडतूस चेंबरमध्ये चढताना गोळी आत सरकते, दारूला जागा कमी उरते आणि दाब भलताच चढतो. शेजारी प्रत्येक खेपेतली काही काडतुसं घेतो, आधी उंची मोजतो, मग गोळीचं टोक बाकाच्या कडेवर अंगठ्याच्या जोराने दाबतो आणि कॅलिपर पुन्हा लावतो. आकडा जरा जरी उतरला, तरी ती खेप तिथेच थांबते.

त्या दिवशी ओरखड्यामागे निघाला पितळेचा एक कण, तिळाहूनही लहान. डाय पुसून परत बसली आणि दांडा पहिल्यासारखा फिरू लागला. ओरखडलेली पुंगळी शेजाऱ्याने उजेडात धरली. तोंडाशी केसाएवढी चीर होती. त्याने पकडीने तिचं तोंड चेपलं, म्हणजे कुणी चुकूनही ती पुन्हा भरणार नाही, आणि भंगाराच्या डब्यात टाकली.