शस्त्रक्रियेपूर्वींचा उपवास

घरांतील वडील माणसावर उद्यां शस्त्रक्रिया व्हावयाची असते. मध्यरात्रीनंतर कांहीं देऊं नये अशी सूचना असते, आणि पहांटे त्यांचा सुकलेला चेहरा पाहून घरांतलें कोणीतरी म्हणतें, "घोटभर चहा दिला तर काय बिघडणार आहे?" या प्रश्नांत माया आहे, परंतु त्याचें उत्तर केवळ मायेनें देतां येत नाहीं.

जागेपणीं अन्नाचा कण चुकून श्वासनलिकेंत गेला तर आपणांस ठसका लागतो व तो बाहेर पडतो. पूर्ण भूल दिली म्हणजे मनुष्याबरोबर त्याचा हा पहारेकरीहि झोपीं जातो. अशा वेळीं जठरांतील पदार्थ वर आले तर ते सरळ फुप्फुसांत उतरूं शकतात. अमेरिकेंतील डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनीं १९४६ सालीं ४४,०१६ गर्भारपणांची माहिती प्रसिद्ध केली; तींत असे ६६ प्रसंग होते, व दोघीजणी घट्ट अन्नानें गुदमरून दगावल्या होत्या. जठरांतील आम्ल फुप्फुसांस किती इजा करतें, हेंहि त्यांनीं सशांवरील प्रयोगांनीं दाखविलें. कडक उपवासाच्या नियमास यामुळें बळ मिळालें.

पुढें असें दिसून आलें कीं, पाणी जठरांतून लवकर पुढें सरकतें. उलट दीर्घ उपवासानें तहान, डोकेदुखी व मुलांची चिडचिड तेवढी वाढते. म्हणून आज सामान्य प्रकृतीच्या रोग्यास, पूर्वीं ठरविलेल्या शस्त्रक्रियेच्या वेळीं, भूल देण्यापूर्वीं दोन तासांपर्यंत पाणी चालतें. आईच्या दुधानंतर चार तास, इतर दूध किंवा हलक्या आहारानंतर सहा तास, आणि तळलेल्या वा मांसाहारी जेवणानंतर आठ किंवा अधिक तास जावे लागतात. बिनदुधाचा चहा पाण्यांत जमा होतो. आपला नेहमींचा चहा मात्र दुधांत. पहांटेच्या त्या घोटाचें उत्तर हें असें आहे.

आतां एक नवा पेंच उभा राहिला आहे. मधुमेहासाठीं व वजन घटविण्यासाठीं सेमाग्लुटाइडसारखीं औषधें घेतलीं जातात. त्यांनीं जठर सावकाश रिकामें होतें. त्यामुळें नियमाप्रमाणें उपवास करूनहि अन्न शिल्लक राहूं शकतें. आठवड्यास एकदां घ्यावयाचें असें औषध आठवडाभर आधीं थांबवावें, असा सल्ला अमेरिकेंतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेनें २०२३ सालीं दिला. २०२४ मध्यें इतर संस्थांसह तिनेंच तो सौम्य केला: बहुतेकांनीं औषध चालूं ठेवावें, ज्यांना धोका अधिक त्यांनीं आदल्या दिवशीं पातळ आहार घ्यावा, व शंका असल्यास ध्वनिलहरींच्या यंत्रानें जठर पाहावें. औषध थांबविल्यास रक्तांतील साखर वाढण्याचें भय असतें. म्हणून हा निर्णय आपला आपण घेऊं नये.

यांतून घरच्यांनीं घ्यावयाचा बोध साधा आहे. रोग्यानें काय खाल्लें, केव्हां खाल्लें, कोणतें औषध किंवा इंजेक्शन चालूं आहे, हें भूलतज्ज्ञांस न विचारतांहि सांगावें. वजनाचें इंजेक्शन कित्येक जण संकोचानें लपवितात, आणि चुकून घेतलेला चहा रागावतील म्हणून लपविला जातो. खरें सांगितलें तर फार तर शस्त्रक्रिया कांहीं तास पुढें जाईल, किंवा भूल देण्याची रीत बदलेल. लपविलें तर त्याचा भार झोपलेल्या माणसाच्या फुप्फुसांवर पडेल.