सात अंशांपासून उणे पन्नासपर्यंत : हिवाळ्याला सज्ज होणारी गाडी

निफाडचा पारा सात अंशांखाली घसरला की त्याची बातमी होते. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार रात्र जागून काढतात. युरोपातल्या टायरच्या दुकानांतही सात अंश हाच इशाऱ्याचा आकडा आहे. ऑक्टोबरमध्ये सकाळचे तापमान तिथवर आले की दुकानांसमोर गाड्यांच्या रांगा लागतात आणि चारही चाकांचे उन्हाळी टायर उतरवून हिवाळी टायर चढवले जातात. उतरवलेले टायर ठेवायला घरात जागा नसेल, तर दुकानदार भाडे घेऊन ते वसंतापर्यंत सांभाळतो. फिनलंडमध्ये या सोयीला चक्क ‘टायर हॉटेल’ म्हणतात.

आपल्याला गाडी एकसंध यंत्र वाटते. थंडीच्या दृष्टीने मात्र ती रबर, हवा, पाणी, तेल, डिझेल आणि आम्ल यांची बांधलेली मोट असते. यातला प्रत्येक पदार्थ वेगळ्या तापमानाला आपला स्वभाव पालटतो. गाडी हिवाळ्यासाठी तयार करायची म्हणजे पाऱ्याच्या उतरंडीवर कोण कुठे दगा देतो हे ओळखून ज्याचा त्याचा बंदोबस्त करायचा.

सात अंश : रबर

टायरचे रबर हा लांबलचक रेणुसाखळ्यांचा गुंता असतो. ऊब असेल तेव्हा या साखळ्या मोकळेपणी हलतात. टायर रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात दबतो आणि त्यातून पकड मिळते. गारठा वाढला की साखळ्यांची हालचाल मंदावते, रबर ताठरते आणि अतिथंडीत हातोडीने फुटेल इतके ठिसूळ होते. सात अंशांवर एका क्षणात काही बिघडत नाही. साधारण त्या सुमारास उन्हाळी टायरची पकड जाणवण्याइतकी ढिली पडते, म्हणून टायर उद्योगाने हा ठोकताळा स्वीकारला आहे.

हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण जास्त असते. काही फिनिश टायरांत कॅनोलाचे तेलही घालतात. त्यामुळे हा टायर कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहतो. उलट तीस अंशांच्या उन्हात तो गरजेपेक्षा मऊ पडतो, झपाट्याने झिजतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतरावर थांबते. निफाडला पहाटे कितीही गारठा असला तरी दुपारी पारा पंचवीसच्या पुढे जातो, म्हणून तिथल्या गाडीला या टायरचा उपयोग नाही.

हा टायर जन्मला फिनलंडमध्ये. तिथल्या नोकिया गावातल्या रबर कारखान्याची ख्याती गमबुटांसाठी होती. त्याने १९३४ मध्ये मालट्रकांसाठी ‘केलिरेंगास’ नावाचा टायर आणला. बर्फात रुतून फिरत राहणाऱ्या चाकाला आडव्या, खोल खाचांनी पकड देणारा हा जगातला पहिला हिवाळी टायर मानला जातो. दोन वर्षांनी मोटारींसाठी ‘हाक्कापेलिट्टा’ आला. सतराव्या शतकात स्वीडनच्या राजासाठी तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचे हे नाव त्या टायरमालिकेला आजही आहे. पुढे १९६७ मध्ये हा रबर कारखाना ज्या उद्योगसमूहात विलीन झाला, त्याच नोकियाचे मोबाइल फोन नंतर आपल्या घराघरांत पोहोचले. टायरचा व्यवसाय १९८८ मध्ये वेगळी कंपनी झाला. तिचे चाचणी केंद्र आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला इवालो इथे आहे आणि तिथे गोठलेल्या तळ्यावरही टायर पारखले जातात. याच कंपनीचे टायर लावलेल्या मोटारीने २०१३ मध्ये बोथनियाच्या गोठलेल्या आखातावर ताशी ३३५ किलोमीटरहून अधिक वेग गाठला.

शून्य अंश : पाणी आणि बर्फ

भुसभुशीत हिम आणि कडक बर्फ हे वाहनचालकाचे दोन वेगळे शत्रू आहेत आणि हिवाळी टायर दोघांशी दोन तऱ्हांनी लढतो. हिमाला हिम चांगले धरते, म्हणून टायरच्या रुंद खाचा हिम आत दाबून घट्ट बसवतात आणि त्याच हिमाच्या आधारे रस्त्यावरच्या हिमाला धरून पुढे सरकतात. खाचांमध्ये अडकलेले हिम हा इथे दोष नसून पकडीचे साधनच आहे.

कडक बर्फाचे कोडे अधिक जुने आहे. बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूखालीही द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो, हा विचार मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये मांडला. सरकणाऱ्या वस्तूच्या घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. म्हणूनच उणे वीस अंशांतल्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ टायरला जास्त धोकादायक ठरतो. हा थर मोडायला हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा दिलेल्या असतात. चिरांच्या कडा बर्फ खरवडतात आणि पाणी आत ओढून घेतात. अमेरिकेच्या जॉन सायप यांनी अशा चिरांचे पेटंट १९२३ मध्ये मिळवले, तेही टायरसाठी नव्हे, तर ओल्या फरशीवर न घसरणाऱ्या बुटांच्या तळव्यांसाठी.

१९६० च्या दशकात उत्तर युरोपात टायरमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे खिळे बसवण्याची पद्धत फोफावली. बर्फावर त्यांना तोड नाही. उघड्या डांबरावर मात्र ते रस्ता कुरतडतात आणि धूळ उडवतात. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत ही धूळ इतकी वाढली की १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदाच करावा लागला. ब्रिजस्टोनने १९८८ मध्येच सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा बिनखिळ्यांचा टायर काढला होता. त्याची छिद्रे बर्फावरचे पाणी शोषून घेतात. या कायद्यानंतर अशा टायरांना मोठी बाजारपेठ मिळाली. ओस्लोत खिळ्यांचे टायर चालतात, पण त्यासाठी शहराला शुल्क भरावे लागते.

टायर चारही बदलावेत, दोन नव्हेत. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीला फक्त पुढे हिवाळी टायर लावले तर वळणावर पुढचा भाग रस्ता धरतो आणि मागचा घसरून गाडी गरकन फिरते. फोर-बाय-फोर असली म्हणजे काळजी नाही, हाही गैरसमज आहे. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी हलवायला मदत करते. थांबताना मात्र प्रत्येक गाडीला ब्रेक चारच चाकांचे असतात आणि भिस्त टायरवरच असते.

चाकातली हवा

थंडीत हवा आकसते. वीस अंशांच्या ऊबदार गॅरेजमध्ये ३३ पौंड हवा भरून गाडी उणे वीस अंशांत नेली, तर कुठेही पंक्चर नसताना दाब २६-२७ पौंडांवर येतो. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की साधारण एक पौंड कमी, असा हिशेब मनात ठेवावा. हवा तपासायची ती गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यावर, टायर थंड असताना.

नक्षीची खोलीही पाहावी. फिनलंड आणि नॉर्वेत हिवाळी टायरसाठी किमान ३ मिलिमीटर खोली बंधनकारक आहे. भारतात गोटा टायर ठरवायची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. तेवढ्या नक्षीत हिम दाबून धरायला जागाच उरत नाही.

विकत घेताना टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण असलेले चिन्ह शोधावे. दाबलेल्या हिमावरची चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरलाच ते मिळते. ‘एम प्लस एस’ ही जुनी खूण नक्षीचा प्रकार पाहून कंपनी स्वतःच टाकू शकत असे. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यावर पर्वताचे चिन्हच ग्राह्य धरले जाते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या ऑन्टारियोत अशी सरसकट सक्ती नाही. तिथे हिवाळी टायर लावणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सवलत देणे कंपन्यांना २०१६ पासून बंधनकारक आहे.

शून्याखाली : डिझेल, बॅटरी, तेल

डिझेलमध्ये पॅराफिन मेण विरघळलेले असते. घरातले साजूक तूप डिसेंबरात थिजते, तसे हे मेण शून्याखाली उतरताना कण धरू लागते. ते कण आधी फिल्टर तुंबवतात आणि टाकीत इंधन असूनही इंजिन उपाशी राहते. कारगिल-द्रासच्या हिवाळ्यात चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ मारून नेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी पानिपतच्या रिफायनरीतून खास हिवाळी डिझेल पाठवायला सुरुवात केली. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते.

बॅटरीची अडचण दुहेरी आहे. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. उणे १८ अंशांत बॅटरीची निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते. म्हणून थंड देशांत बॅटरी घेताना याच तापमानाला ती सेल्फसाठी किती अँपिअर देते हा आकडा पाहतात. चार-पाच वर्षांची, उन्हाळ्यात जेमतेम चालणारी बॅटरी पहिल्या कडाक्यातच बसते.

इंजिन ऑइलच्या डब्यावरच्या ५-डब्ल्यू-३० सारख्या आकड्यांत ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा हिवाळ्याचा. पंधराच्या तेलाची सेल्फच्या वेळची चाचणी उणे २० अंशांवर होते, दहाच्या तेलाची उणे २५ वर, पाचच्या तेलाची उणे ३० वर आणि शून्याच्या तेलाची उणे ३५ वर. आपल्या डिझेल गाड्यांत सर्रास वापरले जाणारे १५-डब्ल्यू-४० नाशकात उत्तम, लेहच्या जानेवारीत नाही.

कूलंटची कथा विलक्षण आहे. शुद्ध पाणी शून्याला गोठते, शुद्ध इथिलीन ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांना. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले की मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहते. रेडिएटरमध्ये नुसते पाणी ओतायची सवय असणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि तेवढ्याने लोखंडी इंजिन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारा द्रवच हवा.

विजेच्या गाडीला थिजणारे डिझेल नाही की घट्ट होणारे इंजिन ऑइल नाही. तरी थंडीत तिचा पल्ला घटतो आणि गार पडलेली लिथियम बॅटरी चार्जिंग सावकाश घेते. उपाय सोपा आहे. चार्जर लावलेला असतानाच केबिन आणि बॅटरी गरम करून मग निघायचे. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या, म्हणजे गारठा त्यांच्या आड आलेला नाही.

उणे चाळीस आणि खाली

अलास्का, कॅनडाचे मैदानी प्रांत आणि फिनलंड इथे इंजिनालाच विजेचा हीटर बसवतात. अँड्र्यू फ्रीमन यांनी अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात तो विकसित केला आणि १९४९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. बंपरखालून लोंबणारा विजेचा प्लग ही त्या भागातली नेहमीची गोष्ट आहे. फिनलंडमधल्या वसाहतींत वाहनतळावर टायमर लावलेले सॉकेटचे खांबच उभे असतात.

सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३५ अंशांच्याही खाली असते आणि उणे पन्नासही नवलाचे नाही. तिथे गरम गॅरेज नसेल तर लोक इंजिन तासन् तास सुरू ठेवतात. गाडीवर जाड रजईची खोळ चढवतात आणि काचा गोठू नयेत म्हणून त्यांवर दुसरी काच चिकटवतात. रात्रभर उभ्या गाडीचा टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटा होऊन तसाच ताठरतो आणि सकाळचे पहिले काही किलोमीटर गाडी धडधडत जाते.

हिमालयातला प्रवासी

रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि मैदानातल्या गाड्या भर हिवाळ्यात लाहौलात पोहोचू लागल्या. हिमवृष्टीनंतर तिथे अनेकदा फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. टायरच्या साखळीचे पेटंट न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी १९०४ मध्ये घेतले आणि तिची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. साखळी इंजिनाच्या ताकदीने फिरणाऱ्या चाकांवर चढवायची, ताशी पन्नासच्या आत चालवायचे आणि उघडे डांबर लागताच काढायची. ती लावायचा सराव घरच्या अंगणात आधी करावा. बोटे बधिर झाल्यावर शिकणे जमत नाही.

सोबत फावडे, थोडी वाळू, बॅटरीच्या जंपर केबल, विजेरी, पांघरूण, पाणी आणि सुका खाऊ असावा. हिमात अडकल्यावर हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचे असेल, तर आधी सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे. ते बुजले तर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो आणि त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली, त्यांतल्या काहींचा मृत्यू या वायूने झाला.

शेवटचा हिशेब

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटरांत थांबते. दाबलेल्या हिमावर तेच अंतर ४० मीटरांच्या घरात जाते आणि कडक बर्फावर शंभर मीटरांच्या आसपास. चांगला टायर, योग्य दाब आणि शाबूत नक्षी यांनी हे अंतर बरेच कमी होते, पण बाराच्या आकड्याजवळ ते कधीच येत नाही. म्हणूनच स्वीडन आणि नॉर्वेत परवाना मिळण्याआधी निसरड्या धावपट्टीवर गाडी घसरवून पाहण्याचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. जिथे पहिला हिवाळी टायर घडला, त्या फिनलंडमध्ये हिवाळा लागला की अनेक महामार्गांवरची वेगमर्यादा १२० वरून १०० वर आणि १०० वरून ८० वर आणतात. सगळी तयारी झालेली गाडीसुद्धा तिथे सावकाशच चालवली जाते.