‘आलेला पाहुणा’ इंग्रजीत कसा येतो?

मोताळा (जि. बुलडाणा) : पदवी हाती पडली की नोकरीच्या अर्जांचा हंगाम सुरू होतो. मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणारा तरुण असो वा पुण्या-मुंबईतील, अर्ज इंग्रजीत लिहायची वेळ आली की त्याची लेखणी एका ठरावीक ठिकाणी अडखळते. ‘मी २०१९ मध्ये पदवी पूर्ण केली आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्याचे शब्दश: इंग्रजी मात्र ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९’ असे होते आणि इंग्रजीच्या जाणकाराला ते पहिल्याच ओळीत खटकते. दोष त्या तरुणाच्या अभ्यासाचा नाही. दोन भाषा काळाकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. काळांची नावे त्यामुळे बहुतेकांना पाठ असतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजीची छाया राहिली आहे. ‘पूर्ण वर्तमानकाळ’ आणि ‘पूर्ण भूतकाळ’ ही नावे दोन्हीकडे जुळतात ती त्यामुळेच. नावे जुळली तरी कामे जुळत नाहीत, आणि ही तफावत सर्वाधिक जाणवते ती ‘जो-जी-जे’च्या उपवाक्यात.

मराठीची सोय, इंग्रजीची अडचण

‘आलेला पाहुणा’ हे दोन शब्द घ्या. काल आलेला पाहुणा, आत्ताच आलेला पाहुणा, आपण घरी पोहोचण्यापूर्वीच आलेला पाहुणा. तिन्ही ठिकाणी ‘आलेला’ हाच शब्द चालतो. वेळ सांगण्याचे काम ‘काल’ किंवा ‘आत्ताच’ हे शब्द करतात, ‘आलेला’ बदलत नाही. इंग्रजीत मात्र तीन वेगळी रूपे होतात. ‘द गेस्ट हू केम यस्टर्डे’, ‘द गेस्ट हू हॅज जस्ट कम’ आणि ‘द गेस्ट हू हॅड कम बिफोर वी रीच्ड होम’. मराठी बोलणाऱ्याने जो निर्णय कधी घेतलेलाच नसतो, तो इंग्रजीत बोलताना दर वेळी घ्यावा लागतो.

निर्णयाची कसोटी अशी. घटनेची वेळ सांगितली असेल, म्हणजे काल, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये, तर साधा भूतकाळ वापरावा. वेळ सांगितलेली नसेल आणि घटनेचा संबंध आजशी असेल, तर ‘हॅज’ किंवा ‘हॅव’. घटना भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या क्षणाच्याही आधी घडलेली असेल, तर ‘हॅड’. मराठीत ‘पत्र मी कालच पाठवले आहे’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आणि ‘हॅव सेंट’ एका वाक्यात नांदत नाहीत. अर्जातील वाक्य म्हणूनच ‘आय कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९’ असे हवे. सालाचा उल्लेख नको असेल तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री’ हे पूर्णपणे योग्य.

‘हॅड’ हा शब्द मात्र ‘होता-होती’चे भाषांतर म्हणून सरसकट वापरला जातो. ‘मी काल मलकापूरला गेलो होतो’ याचे इंग्रजी ‘आय वेंट टू मलकापूर यस्टर्डे’ इतकेच आहे. ‘हॅड’साठी भूतकाळातला दुसरा क्षण लागतो. ‘मी मलकापूर स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती’ या वाक्यात तो आहे, म्हणून तेथे ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’ शोभते.

आपल्याच जिल्ह्यातील लोणार सरोवराचे उदाहरण पाहा. एरवी हिरवट दिसणारे त्याचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली. इंग्रजीत म्हणता येईल, ‘द वॉटर, विच हॅड बीन ग्रीन, टर्न्ड पिंक इन जून २०२०’. हिरवेपणा गुलाबी होण्याच्या आधीचा, म्हणून ‘हॅड बीन’. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि तो आजही आहे. म्हणून ‘द लेक, विच हॅज बीन अ रामसर साइट सिन्स २०२०’. येथे साल आहे, तरीही ‘हॅज’ चालते, कारण ‘सिन्स’ हा शब्द त्या सालापासून आजपर्यंत रेघ ओढतो. ‘इन २०२०’ म्हटले की रेघ तेथेच संपते.

‘तो’ गळतो

दुसरा फरक रचनेचा आहे. मराठीत ‘जो’ आला की ‘तो’ येतोच. ‘जो माणूस आला आहे, तो माझा काका आहे’. याच सवयीने आपण ‘द मॅन हू हॅज कम, ही इज माय अंकल’ असे म्हणून जातो. इंग्रजीत ‘हू’ आल्यावर ‘ही’ला जागा नाही. ‘द मॅन हू हॅज कम इज माय अंकल’ एवढेच पुरे. शिवाय मराठी उपवाक्य बहुधा आधी येते, इंग्रजीत ते ज्या नामाविषयी आहे त्याच्या लगेच मागे बसते.

‘मी पाहिलेला सर्वांत चांगला चित्रपट’ ही आणखी एक रोजची रचना. इंग्रजीत ‘धिस इज द बेस्ट फिल्म आय हॅव एव्हर सीन’. येथे ‘दॅट’ गाळला तरी चालतो. मुख्य वाक्य भूतकाळात गेले की उपवाक्यही मागे सरकते : ‘इट वॉज द बेस्ट फिल्म आय हॅड एव्हर सीन’.

‘हॅज’ की ‘हॅव’ या प्रश्नावर चांगले चांगले चुकतात. ‘शी इज वन ऑफ द टीचर्स हू हॅव वर्क्ड हिअर सिन्स २०१०’ यात ‘हू’ हा शब्द अनेक शिक्षकांसाठी आहे, म्हणून ‘हॅव’. ‘द ओन्ली वन ऑफ द टीचर्स हू’ म्हटले तर ती एकटीच उरते, म्हणून ‘हॅज’. क्रियापद ठरवण्यापूर्वी ‘हू’ नेमका कोणाकडे बोट दाखवतो, हे पाहावे.

स्वल्पविरामाचे मोल

उपवाक्याभोवतीचा स्वल्पविरामही अर्थ बदलतो. ‘माय ब्रदर, हू हॅज सेटल्ड इन पुणे’ असे लिहिले तर भाऊ एकच आणि तो पुण्यात स्थायिक झाला आहे. स्वल्पविराम काढले तर भाऊ एकाहून अधिक असून त्यांपैकी पुण्याचा कोणता, ते सांगितले जात आहे असा अर्थ निघतो. वारसांच्या कागदपत्रात असा बारकावा किरकोळ राहत नाही.

सूचना आणि जाहिराती वाचताना हे व्याकरण थेट उपयोगी पडते. ‘कॅन्डिडेट्स हू हॅव अपिअर्ड’ म्हणजे परीक्षेला बसलेले. निकाल लागलेला नसला तरी चालेल. ‘कॅन्डिडेट्स हू हॅव पास्ड’ म्हणजे उत्तीर्ण झालेलेच. या एका शब्दावर अर्ज पात्र की अपात्र, हे ठरते.

‘ज्यांनी ३१ मार्चपर्यंत शुल्क भरलेले नसेल, त्यांना परीक्षेस बसता येणार नाही’ या सूचनेचे इंग्रजी करतानाही ‘नसेल’ पाहून ‘विल नॉट हॅव पेड’ लिहिण्याचा मोह होतो. इंग्रजीत अशा वेळी भविष्य मुख्य वाक्यात राहते आणि उपवाक्यात पूर्ण वर्तमानकाळ पुरतो : ‘कॅन्डिडेट्स हू हॅव नॉट पेड द फी बाय ३१ मार्च विल नॉट बी अलाउड’. हे वाक्य जानेवारीत वाचणाऱ्याने ‘हॅव नॉट पेड’ पाहून मुदत संपली असे समजू नये. ३१ मार्चपर्यंत त्याला वेळ आहे.

इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी स्वत:ला तीन प्रश्न विचारावेत. ‘जो’ नेमका कोण? घटनेची वेळ सांगितली आहे काय? ती घटना आजच्या संदर्भात सांगायची आहे, की भूतकाळातील एखाद्या क्षणाच्या आधीची म्हणून? उत्तरे मराठीतच द्यावीत. ती मिळाली की ‘हॅज’, ‘हॅव’ आणि ‘हॅड’ यांपैकी कोणता शब्द हवा, की साधा भूतकाळच पुरेसा आहे, हे पाठांतरावाचून ठरवता येते.