पेढीच्या संगणकाला कुलूप

व्यापारी बंधूंनो, आम्ही उधारीची सारी वही रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकावर ठेवतो. २०२२ पूर्वीच्या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पाय’ हे नाव व ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड तयारच असे, आणि तो चोरालाही ठाऊक! तो प्रथम बदला. मग ‘यूएफडब्ल्यू’ ही फायरवॉल बसवा. बाहेरून येणारी सर्व दारे बंद, लागेल तेवढेच उघडे, हा नियम ठेवा. दुरून काम करायचे तर एसएसएचचे २२ क्रमांकाचे दार आधी मोकळे करा, मगच फायरवॉल चालू करा. आम्ही घाईत हे विसरलो; दुसऱ्या दिवशी घरून वही उघडेना. पेढीवर जाऊन कीबोर्ड जोडावा लागला. उघड्या दारावर मात्र पासवर्डच पहारेकरी. तो पक्का ठेवा.