तिसऱ्या बेसवरचे घणाघाती फलंदाज

बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसच्या रक्षकाकडे, म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजांचे जोरकस फटके ज्याच्या अंगावर येतात त्या खेळाडूकडे, दीर्घकाळ चपळ क्षेत्ररक्षक म्हणूनच पाहिले जाई. फ्रँक बेकर १९११ ते १९१४ या काळात अमेरिकन लीगमध्ये होमरनच्या, म्हणजे सहसा चेंडू कुंपणापार धाडणाऱ्या फटक्याच्या, यादीत अग्रस्थानी राहिला, तरी एका हंगामातील त्याचा उच्चांक अवघा १२ होता. १९५३ मध्ये एडी मॅथ्यूजने ४७ होमरन मारून हे चित्र पालटले. फिलाडेल्फियाच्या माइक श्मिटने कारकिर्दीत ५४८ होमरन केले, आठ हंगामांत नॅशनल लीगमध्ये आघाडी घेतली आणि क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कारही दहा वेळा मिळवला. या दुहेरी कर्तृत्वामुळेच तो या जागेवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरतो.