खेळण्यातलं डिझेल इंजिन ‘आपलं’ कसं करायचं? (गणित : गुणोत्तर व प्रमाण)



कळमन्याच्या मुलांना रेल्वे वेगळी शिकवावी लागत नाही. आपलं स्टेशन हावडा-मुंबई मार्गावर, त्यामुळे मालगाड्यांची ये-जा रोजचीच. पण तुम्ही पाहता ती बहुतेक इंजिनं विजेची, डोक्यावरच्या तारेला टेकलेली. डिझेल इंजिन आता कमी दिसतं. छोट्या रुळांवरचं नॅरोगेजचं डिझेल इंजिन तर नागपुरात धावताना दिसतच नाही. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ च्या शेवटी थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते सावनेर-उमरेडचे किस्से सांगतील.

तर आजचा प्रश्न असा : बाजारात मिळणारं परदेशी मॉडेल इंजिन घेऊन त्याचं आपल्याकडचं डिझेल इंजिन करता येईल का? येतं. पण रंगाचा ब्रश हातात घेण्याआधी पेन्सिल घ्यावी लागते.

मॉडेल रेल्वेत सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण १:८७. त्याला ‘एचओ’ म्हणतात. पुण्यात १९९८ साली सुरू झालेलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय याच मापाचं आहे. १:८७ म्हणजे खरी वस्तू ८७ मिमी असेल तर मॉडेलमध्ये ती १ मिमी.

आपण डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन घेऊ. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून ही इंजिनं आली आणि १९६४ पासून बनारसच्या कारखान्यात बनू लागली. अडीच हजारांच्या वर बनली. पुणे आणि कल्याणच्या शेडमध्येही ती होती. त्याची लांबी सुमारे १७.१२ मीटर, म्हणजे १७१२० मिमी. भागिले ८७, उत्तर सुमारे १९७ मिमी. तुमच्या पट्टीपेक्षाही लांब.

आता वजन. खरं इंजिन ११२.८ टनांचं. वर्गात हे विचारलं की निम्मी मुलं लगेच ८७ ने भागतात आणि उत्तर येतं जवळपास १३०० किलो. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, “मॅडम, टेबल मोडंल ना!” बरोबर आहे. लांबी ८७ पट कमी झाली, तशी रुंदीही ८७ पट आणि उंचीही ८७ पट. म्हणून वजनाला ८७ × ८७ × ८७, म्हणजे ६,५८,५०३ ने भागायचं. उत्तर सुमारे १७१ ग्रॅम. गंमत अशी की एवढं हलकं इंजिन रुळावर नीट पकड घेत नाही, चाकं नुसती फिरतात. म्हणून मॉडेलच्या पोटात धातूचा जड तुकडा बसवलेला असतो. बदल करताना जागा हवी म्हणून तो काढून फेकू नका.

खरी अडचण रुळांची. एचओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं, कारण युरोप-अमेरिकेतलं नेहमीचं गेज १४३५ मिमी आणि त्याला ८७ ने भागलं की १६.५ येतं. आपलं ब्रॉडगेज मात्र १६७६ मिमी. १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६. तयार रुळांवर आपलं डब्ल्यूडीएम-२ ठेवलं की अंगाने बरोबर आणि पायांनी पावणेतीन मिमी अरुंद. जाड माणूस पाय जुळवून उभा राहावा तसं. बरेच हौशी लोक हे चालवून घेतात, कारण रूळ आणि चाकं दोन्ही नव्याने करणं फार खर्चाचं आणि किचकट. माझ्या मते चालवून घ्यायला हरकत नाही, पण फरक आहे हे माहीत असावं.

आणि इथेच आपल्या नागपूरची छोटी रेल्वे कामाला येते. तिचं गेज ७६२ मिमी. भागा बरं ८७ ने. ८.७६ येतं. बाजारात ‘एन’ नावाचं आणखी लहान मॉडेल मिळतं, त्याच्या रुळांमधलं अंतर ९ मिमी. फरक पाव मिमीसुद्धा नाही! म्हणजे एन मापाच्या इंजिनाचा खालचा भाग, चाकं आणि मोटरसकट, तसाच ठेवायचा आणि वर १:८७ मापाचं नॅरोगेज इंजिनाचं अंग बसवायचं. ब्रॉडगेजला जे जमत नाही ते आपल्या नॅरोगेजला आयतं जमतं. माथेरानच्या गाडीला मात्र नाही. तिचं गेज ६१० मिमी, उत्तर ७.०१ येतं.

इंजिनाच्या नावातही हे गेज लपलेलं असतं. पहिलं अक्षर डब्ल्यू असेल तर ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे ७६२ चं नॅरोगेज, एन म्हणजे ६१० चं. पुढे डी म्हणजे डिझेल. म्हणून नॅरोगेजची डिझेल इंजिनं ‘झेडडीएम’.

मापं कुठून आणायची? मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. परवानगी घेऊन तिथल्या गाड्यांची मापं टेपने घ्या. जे इंजिन समोर नाही त्याचा अगदी समोरून काढलेला फोटो शोधा. रुळांमधलं अंतर ७६२ हे पक्कं ठाऊक आहे. फोटोत ते ३० मिमी भरलं आणि इंजिनाची रुंदी ८४ मिमी भरली, तर खरी रुंदी ७६२ × ८४ ÷ ३०, म्हणजे सुमारे २१३४ मिमी. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी.) फोटो तिरपा असेल तर हे गणित फसतं.

आधी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं अंग करा. मोटर आत मावते का, वळणावर चाकं कडेला घासतात का, हे कागदावरच कळतं. मग प्लास्टिकच्या शीटमधून कापा. शीट १ मिमीची असेल तर प्रत्यक्षात ती ८७ मिमी जाडीचा पत्रा झाली! म्हणून दाराच्या, खिडकीच्या कडा कानशीने आतून पातळ करायच्या. कठड्याचा पाइप ३२ मिमीचा धरला तर मॉडेलमध्ये ०.३७ मिमी. जळालेल्या मोटरची तांब्याची तार तेवढ्या जाडीची सापडते. रंगाचंही तेच. ०.१ मिमीचा थर म्हणजे पाऊण सेंटीमीटरपेक्षा जास्त, त्यात रिव्हेट बुडून जातात. पातळ रंगाचे दोन हात द्या. क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिला की परदेशी इंजिन एकदम आपलं दिसू लागतं.

अमेरिकी मॉडेल वापरत असाल तर समोर दोन बाजूंना बफर नसतात. डब्ल्यूडीएम-२ ला ते लागतातच. शर्टाच्या बारीक बटणांचे छान होतात.

शेवटी दिवा. रुळांतून १२ व्होल्टचा डीसी प्रवाह येतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, उरले ९. सोबत १००० ओहमचा रोधक जोडला तर प्रवाह ९ मिलिअँपिअर, पुरेसा. एलईडी एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो, म्हणून इंजिन उलटं चालवलं की पुढचा दिवा आपोआप विझतो. मागचा दिवा उलटा जोडलेला असेल तर तो लागतो. पण उलटा दाब एलईडीला सोसत नाही, तेव्हा प्रत्येक दिव्यासोबत एक साधा डायोड जोडाच. हे काम मोठ्या माणसासोबत करायचं.

वेग किती ठेवायचा? छोटी गाडी ताशी ४० किमीने चाललीय असं धरा. सेकंदाला ११.१ मीटर, भागिले ८७, म्हणजे जवळपास १३ सेंमी. वहीच्या पानाची लांबी ओलांडायला दोन सेकंदांहून जास्त. खेळण्यातल्या गाड्या यापेक्षा कितीतरी जोरात पळतात, म्हणून त्या खोट्या वाटतात.

स्वाध्याय : मीटरगेज १००० मिमी असतं. १:८७ मध्ये रुळांमधलं अंतर किती येईल? आणि १६.५ मिमीचे तयार रूळ आपल्या ब्रॉडगेजला अगदी बरोबर बसावेत असं वाटत असेल, तर इंजिन कोणत्या प्रमाणात बनवावं लागेल? उत्तरं वहीत लिहून आणा, सोमवारी फळ्यावर सोडवू.