वाटेत गाडी बंद पडली तर : रस्त्यावरील मदतीचा करार निवडताना

ऑरेंज गेटपासून निघणारा पूर्व मुक्त मार्ग, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला ईस्टर्न फ्रीवे, २०१३ साली पांजरापोळपर्यंत आणि २०१४ साली पुढे घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापर्यंत खुला झाला आणि गोवंडीकरांना दक्षिण मुंबई एकाएकी जवळ आली. सुमारे १७ किलोमीटरच्या या मार्गाचा मोठा भाग उंचावरून जातो. मध्ये उतरण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि सिग्नलचा अडथळा नाही. गाडी धावत असते तोवर हाच त्याचा गुण असतो. ती बंद पडली की तोच दोष ठरतो. कठड्यापलीकडे खाली वस्तीतले दिवे दिसतात, ओळखीचा मेकॅनिकही तिथेच कुठेतरी दुकानात बसलेला असतो. पण वर अडकलेल्या गाडीपर्यंत त्याला स्कूटर घेऊन सहज येता येत नाही. मागून भरधाव वाहने येत असतात आणि गाडीत वृद्ध आई-वडील आणि लहान मुले बसलेली असतात.

गोवंडी, देवनार, चेंबूरच्या अंतर्गत रस्त्यांवर गाडी अडली तर चार माणसे धावून येतात, ती ढकलत गॅरेजपर्यंत नेतात. मुक्त मार्ग, वाशीचा खाडीपूल, अटल सेतू किंवा खंडाळ्याचा घाट येथे या शेजारधर्माचा हात पोहोचत नाही. तेथे आधीच केलेला मदतीचा करार उपयोगी पडतो. असा करार बहुतेक कुटुंबांकडे कोणत्या ना कोणत्या रूपात असतोच. मात्र त्यात नेमके काय लिहिले आहे, हे गाडी बंद पडेपर्यंत फारसे कोणी वाचत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

शंभर वर्षांची परंपरा

रस्त्यावरील मदत ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये १९०५ साली काही मोटारमालकांनी ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन केली. पोलिसांनी वेग मोजण्यासाठी लावलेल्या सापळ्यांची सूचना सभासदांना देणे हा तिचा आरंभीचा उद्योग होता; पुढे तीच संस्था बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीसाठी ओळखली जाऊ लागली. मुंबईतही १९१९ पासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन कार्यरत आहे. मोटारमालकांनी वर्गणी भरायची आणि ज्याची गाडी अडेल त्याला सर्वांच्या वर्गणीतून मदत मिळायची, हे या संस्थांचे मूळ सूत्र. विमा, वाहन-उत्पादक आणि खाजगी कंपन्या या क्षेत्रात नंतर आल्या. सूत्र मात्र तेच राहिले.

चार दारे, एकच क्रेन

आज अशी मदत प्रामुख्याने चार मार्गांनी मिळते. पहिला मार्ग गाडी बनवणाऱ्या कंपनीचा. नव्या गाडीबरोबर काही वर्षे ही सेवा बहुधा मिळते आणि पुढे शुल्क भरून वाढवता येते. दुसरा मार्ग विमा कंपनीचा. सर्वसमावेशक विमापत्रासोबत थोडा जादा हप्ता भरून ही जोड घेता येते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा असलेला केवळ तृतीय पक्षाचा विमा घेतला असेल, तर ही जोड सहसा मिळत नाही. तिसरा मार्ग स्वतंत्र मदत-कंपन्यांच्या वार्षिक कराराचा आणि चौथा वर उल्लेख केलेल्या मोटार संघटनेच्या सभासदत्वाचा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दारे चार असली तरी प्रत्यक्ष येणारी क्रेन पुष्कळदा एकच असते. उत्पादक आणि विमा कंपन्या हे काम अनेकदा एखाद्या मदत-कंपनीकडे सोपवतात आणि ती कंपनी त्या त्या भागातील क्रेनमालकाशी करार करते. त्यामुळे मोठ्या नावापेक्षा "आमच्या भागात प्रत्यक्ष कोण येते, किती वेळात येते आणि रात्री येते का?" हा प्रश्न महत्त्वाचा. त्याचे उत्तर जाहिरातीपेक्षा सोसायटीतील शेजारी अधिक खरे देतात.

नवा करार करण्यापूर्वी जुने कागद काढून पाहावेत. उत्पादकाची मुदत शिल्लक असताना विम्याचीही जोड घेतलेली आणि त्यावर एखाद्या कंपनीचा वार्षिक करार, अशी तिहेरी खरेदी नकळत होते. गाडी मात्र एका वेळी एकच क्रेन ओढणार असते.

बारीक अक्षरांतील मोठे प्रश्न

करार हाती आल्यावर पुढील मुद्दे पेन्सिलीने अधोरेखित करावेत.

वर्षातून किती वेळा सेवा मिळेल? "अमर्याद" असे वर लिहून खाली आकडा घातलेला असू शकतो.

गाडी ओढून नेण्याचे अंतर किती किलोमीटरपर्यंत मोफत आहे आणि ते कोठून मोजले जाते? बिघाडाच्या जागेपासून गॅरेजपर्यंत मोजणे वेगळे. क्रेन आपल्या तळावरून निघून परत पोहोचेपर्यंत मोजणे वेगळे. दुसऱ्या पद्धतीत वीस किलोमीटर पाहता पाहता संपतात.

गाडी कोठे नेली जाईल? सर्वांत जवळच्या अधिकृत सेवा केंद्रात, की मालक सांगेल तेथे? रात्री दहा वाजता सेवा केंद्र बंद असेल तर गाडी कोठे ठेवली जाईल आणि ठेवण्याचे शुल्क कोण भरेल?

करार केल्यापासून किती दिवसांनी सेवा सुरू होते? पहिले काही दिवस प्रतीक्षाकाळाचे असतील, तर प्रवासाच्या आदल्या रात्री घेतलेला करार दुसऱ्या दिवशी कामाचा नसतो.

गाडीच्या वयाला मर्यादा आहे का? दहा-बारा वर्षे जुन्या गाडीलाच मदतीची गरज अधिक, आणि तिलाच काही योजनांत जागा नसते.

इमारतीच्या आवारात मदत मिळेल का? हा प्रश्न उपनगरांतील पुनर्विकसित सोसायट्यांसाठी विशेष महत्त्वाचा. पोडियमवर, तळघरात किंवा यांत्रिक पार्किंगमध्ये उभ्या गाडीपर्यंत क्रेन पोहोचत नाही. कित्येक दिवस न चाललेल्या गाडीची बॅटरी तर नेमकी तेथेच उतरते. म्हणून जागेवर येऊन बॅटरीला तात्पुरता विद्युतपुरवठा देऊन गाडी सुरू करणारा माणूस या करारात येतो का, हे विचारून घ्यावे.

आपली गाडी कोणत्या जातीची?

सर्वांना एकच करार लागू पडत नाही. मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. इंधन संपल्यास पाच लिटर पोहोचवू, या आश्वासनाचा अशा गाडीला थेट उपयोग नाही. सीएनजी कॅनमधून आणता येत नाही. म्हणून टाकीत थोडे पेट्रोल नेहमी शिल्लक ठेवावे आणि गाडी पंपापर्यंत ओढून नेण्याची सोय करारात आहे का, ते पाहावे. पोहोचवलेल्या पेट्रोल-डिझेलची किंमतही बहुधा वेगळी द्यावी लागते.

विजेवर चालणाऱ्या आणि अनेक स्वयंचलित गिअरच्या गाड्या चाके रस्त्यावर ठेवून ओढल्यास त्यांच्या यंत्रणेला इजा होऊ शकते. त्यांना संपूर्ण गाडी उचलून घेणारा सपाट पाट्याचा ट्रक लागतो. करारात तो शब्द स्पष्ट लिहिलेला असावा.

तिसरी बाब सुट्या चाकाची. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना सुटे चाक न ठेवण्याची मुभा मिळाली. पंक्चर झाल्यास सुटे चाक बसवून देऊ, एवढेच वचन असेल, तर अशा गाडीच्या मालकाला ते कोरेच राहते.

हिशेबाची एक पद्धत

समजा, एका कराराचे करासह वार्षिक शुल्क ६०० रुपये आहे आणि त्यात २० किलोमीटरपर्यंत गाडी मोफत नेतात. पुढे प्रत्येक किलोमीटरला ५० रुपये. दुसऱ्याचे शुल्क १,५०० रुपये आणि मर्यादा १०० किलोमीटर. घरापासून ९० किलोमीटरवर गाडी बंद पडली आणि ती गोवंडीलाच आणायची ठरवली, तर पहिल्या करारात ७० किलोमीटरचे ३,५०० रुपये वेगळे भरावे लागतील. दोन करारांतील वार्षिक फरक ९०० रुपयांचा. म्हणजे चार वर्षांत एकदा असा प्रसंग आला तरी दोन्हींचा खर्च जवळजवळ सारखा होतो. वारंवार नाशिक-कोल्हापूरकडे जाणाऱ्या कुटुंबाने दुसरा करार घ्यावा. ज्यांची गाडी चेंबूर-घाटकोपरच्या पुढे क्वचितच जाते, त्यांना पहिला पुरेसा आहे. आकडे उदाहरणादाखल आहेत. पद्धत मात्र कोणत्याही कराराला लागू पडते.

अशी सेवा घेतल्याने विम्यातील दावामुक्त सवलत बहुतेक योजनांत घटत नाही. ही सवलत सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून तिला धक्का लागणार नाही हे लेखी पाहून घ्यावे.

पावसाळ्याची कसोटी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या प्रलयात बंद मोटारींमध्ये अडकूनही माणसे दगावली. अशा दिवशी कोणतीही क्रेन येणार नाही. नैसर्गिक आपत्तीच्या काळात सेवा देण्याचे बंधन नसल्याचे कलम बहुतेक करारांत असते. पाणी चढू लागले की गाडीचा मोह सोडून वेळीच बाहेर पडणे हाच तेव्हाचा विमा.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाणी इंजिनात ओढले जाऊन ते निकामी होऊ शकते. मदतीचा करार गाडी उचलून नेईल, परंतु इंजिनाची दुरुस्ती त्यात येत नाही. साध्या विमापत्रातही अशा हानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. या दोन जोडांत गल्लत करणारे मालक पुष्कळ, आणि ती गल्लत हजारो रुपयांत पडते.

वचन पाळले नाही तर

तक्रार कोठे करायची, हे करार कोणाशी केला यावर ठरते. सेवा विम्याची जोड असेल, तर प्रथम विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यांचे कार्यालय मुंबईत आहे. करार स्वतंत्र कंपनीशी असेल, तर तो विमा नव्हे आणि लोकपालाचे दार तेथे उघडत नाही. अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोग हा मार्ग असतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत आयोगाकडे शुल्क भरावे लागत नाही. दोन्ही ठिकाणी दूरध्वनीची वेळ, तक्रारीचा क्रमांक आणि खर्चाची पावती हेच पुरावे. क्रेनवाल्याला रोख दिले तरी पावती मागण्यात संकोच करू नये.

मदत येईपर्यंत

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, इशारादिवे लावावेत आणि सुरक्षितपणे उतरता येत असेल तर सर्वांना डाव्या दाराने उतरवून कठड्याच्या आड उभे करावे. परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे पुरेशा अंतरावर ठेवावा. गाडी आणि मागून येणारी वाहने यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये. उड्डाणपुलावर उतरणेच धोक्याचे असेल, तर पट्टे लावून आत बसावे आणि ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तेथून गाडी सुरक्षित जागी हलवण्याची मदत मिळते. तिला पुढे गॅरेजपर्यंत नेणे हे मात्र आपल्या कराराचेच काम.

मदतीचा क्रमांक घाईघाईत इंटरनेटवर शोधू नये. तेथे भामट्यांनी पेरलेले बनावट क्रमांक असू शकतात. नोंदणीसाठी दहा रुपये पाठवा, असे सांगून दुवा उघडायला लावणारा किंवा ओटीपी विचारणारा माणूस मदतनीस नव्हे. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. आपणहून येऊन उभ्या राहिलेल्या क्रेनला साखळी लावू देण्यापूर्वी दर आणि ठिकाण ठरवून घ्यावे.

हे सारे एका कागदावर मावते. कराराचा क्रमांक, त्याची मुदत, मदतीचा दूरध्वनी, मोफत अंतर, विमापत्राचा क्रमांक आणि नेहमीच्या मेकॅनिकचे नाव ठळक अक्षरांत लिहून तो कागद गाडीच्या खणात ठेवावा; त्याची एक प्रत घरातील न चालवणाऱ्या माणसाकडेही असावी. चालकाचा मोबाइल बंद पडला, तरी घरून कोणीतरी मदतीला दूरध्वनी करू शकेल. विमा नूतनीकरणाच्या दिवशी वर्षातून एकदा तो कागद ताजा करावा. या कामाला अर्धा तास पुरतो.